मिश्र आहार: मेडिसिन वॉर्डातल्या एका केसपेपरचा अभ्यास

नागपुरात मेडिसिन विभागाला सप्टेंबरइतका जड दुसरा महिना नाही. पाऊस ओसरत असतो, उन्हाळ्यापासून तसेच राहिलेल्या कूलरच्या टाक्यांत डास झालेले असतात, आणि इनटेकच्या, म्हणजे नवे रुग्ण दाखल करून घ्यायच्या, दिवशी दोन खाटांच्या मधल्या जागेतही गादी टाकावी लागते. काटोलकडचे, उमरेडकडचे, सीमेपलीकडून शिवनी-छिंदवाड्याचे रुग्ण रात्रभर येत राहतात. तापाचा पेशंट आला आणि प्लेटलेट्स कमी असल्या की डेंगू. या दिवसांत बहुतेक वेळा ते खरंही असतं.

अशाच एका इनटेकच्या रात्री आमच्या युनिटला दाखल झालेल्या एका बाईंची ही केस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजार दुर्मिळ नव्हता, उपचार स्वस्त होते, आणि बाई घरी गेल्या. तरीही मी ती लिहून काढते आहे. एमबीबीएसच्या मुलांना मेडिसिन विभाग नेमकं काय शिकवतो, आणि आम्ही ते कुठे शिकवायचं सोडलं, हे मला या एका केसपेपरात जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्याच बैठकीत दिसलं नव्हतं.

दाखल होतानाची नोंद

वय ४४. संत्र्याच्या बागेत मजुरी, घरी एक गाय. आठ दिवसांपासून बारीक ताप, थकवा, डोळे पिवळे. गावाजवळच्या दवाखान्यातून चिठ्ठी आली होती, ‘डेंगू, सोबत कावीळ’. आमच्याकडच्या तपासणीत हिमोग्लोबिन ५.२, पांढऱ्या पेशी २,८००, प्लेटलेट्स ६२,०००. बिलिरुबिन २.६, त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट. पोटाला हात लावला तर प्लीहा बोटाच्या टोकाला लागत होती.

केसपेपर इंटर्नने भरला होता. अक्षर चांगलं, एकही रकाना रिकामा नाही. भूक, झोप, लघवी, शौच: नॉर्मल. व्यसन: नाही. आहार: मिश्र.

त्या रात्री त्या इंटर्नने एकट्याने चौदा रुग्ण दाखल केले होते. रक्त काढायचं, सॅम्पल लॅबला पोचवायचं, स्ट्रेचरला वॉर्डबॉय मामा सापडेना तर स्वतः ढकलायचं आणि मधल्या वेळात हिस्ट्री घ्यायची. बाई गुंगून पडल्या होत्या, म्हणून त्याने शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला विचारलं, “घरी मटण-अंडी चालतात का?” मुलगा म्हणाला, “घरी सगळं चालते जी.” त्यातून ‘मिश्र’ हा शब्द आला. मी त्याला दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला ज्युनिअर रेसिडेंटने ही केस मिनिटभरात सांगितली. मी म्हणाले, “एनएस-१ पाठवा, प्लेटलेट्स रोज करा,” आणि पुढच्या खाटेकडे वळले. हिमोग्लोबिन ५.२ हा आकडा मी ऐकला होता. डेंगूत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वर चढतं. इथे ते जमिनीला टेकलेलं होतं. विसंगती समोर होती, ऋतूच्या भरात ती माझ्या कानावरून गेली. एनएस-१ ही डेंगूची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा ‘उशिरा आल्यामुळे असेल’ असं म्हणून आम्ही आणखी एक दिवस घालवला. रक्ताची एक पिशवी क्रॉसमॅच करून ठेवायलाही सांगितलं होतं.

क्लिनिक्स

तिसऱ्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांची बेडसाइड क्लिनिक्स होती. एका मुलीने हीच केस घेतली होती. तिने नीट प्रेझेंट केली आणि शेवटी म्हणाली, “अॅनिमिया आहे, कावीळ आहे, प्लीहा मोठी आहे. मॅडम, मला सिकलसेल वाटतं.”

विदर्भातल्या विद्यार्थ्याच्या तोंडी हे निदान आधी येणं साहजिक आहे, आणि मला ते आवडतंही. पुस्तकातलं नाव आणि आपल्या भागातला आजार यांची सांगड तिने घातली होती. पण सिकलसेल या जन्मजात रक्ताच्या आजाराचा पहिला त्रास चव्वेचाळिसाव्या वर्षी? लहानपणापासून एकदाही हातपाय ठणकले नाहीत, कधी रक्त चढवावं लागलं नाही, तीन बाळंतपणं सुखरूप झाली. शिवाय सिकलसेल अॅनिमियात प्लीहा लहानपणीच वारंवार मार खाऊन बहुधा आकसून जाते. हे सगळं मुलांनीच एकमेकांना सांगितलं, मी फक्त उभी होते. ती वाचत असताना मी केसपेपरला टाचलेला रिपोर्ट चाळला. एमसीव्ही १२१. लाल पेशीचं सरासरी आकारमान शंभरच्या आत असायला हवं. हा छापील आकडा तीन दिवस तिथेच होता.

मी निदान सांगितलं नाही. तिला विचारलं, “काल दिवसभरात या काकूंनी काय काय खाल्लं?”

“मॅडम, मिक्स्ड डाएट.”

“ते झालं केसपेपरात काय लिहिलंय ते. त्यांनी काय खाल्लं?”

तिला सांगता येईना. सोबतच्या सात जणांनाही येईना. मी म्हणाले, संध्याकाळी परत जा, स्टूल घेऊन बस, घाई करू नकोस, आणि त्यांच्या मुलाला चहा प्यायला पाठव.

संध्याकाळची हिस्ट्री

ती पाऊण तास बसली. तिने वहीत बाईंचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते, आणि मला ती पानं अजून महत्त्वाची वाटतात.

सकाळी काळा च्या आणि रात्रीची पोळी. दुपारी भाकर, झुणका किंवा पातळ वरण. रात्री भाकर आणि भाजी. आदल्या दिवशी तेच, त्याच्या आदल्या दिवशी तेच. दूध? “मले दूध पचत नाही जी, पोट फुगते. अन् गाईचं दूध सारं डेअरीवर जाते.” दही, ताक? “लेकरायले देतो.” मटण? बाई हसल्या. दर रविवारी घरी मटण त्याच शिजवतात. पण बारा वर्षांपूर्वी शेगावची पायी वारी करून, माळ घालून आल्या, तेव्हापासून मटण, मासळी, अंडं त्यांनी तोंडात घातलेलं नाही. “शिजवतो ना. खात नाही.”

“शिजवतो, खात नाही” या तीन शब्दांनी केसपेपरातला ‘मिश्र आहार’ पुसला गेला.

ती तिथेच थांबली नाही, हे तिचं कौतुक. तिने औषधांचं विचारलं. बाई म्हणाल्या, औषध काही नाही. मग तिने विचारलं, “पोट फुगते म्हणता, त्याला काय घेता?” तेव्हा गॅसची गोळी निघाली. गावच्या मेडिकलमधून चार वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी एक. पोटातलं आम्ल दाबणारी ही गोळी दीर्घकाळ घेतली की अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटं होऊन अंगी लागणं कमी होतं. बाई तिला औषध समजत नव्हत्या, म्हणून ‘औषधं: काही नाही’ हे उत्तर त्यांच्या परीने खरंच होतं.

शेवटी तिने विचारलं, चालताना काही त्रास? बाई म्हणाल्या, त्रास नाही, पण चप्पल पायातून निसटून जाते आणि कळत नाही, मागून कोणी हाक मारली की कळतं. आणि नहाणीत तोंडाला साबण लावला, डोळे मिटले की तोल जातो. म्हणून वर्षभरापासून त्या भिंतीला खांदा टेकवूनच तोंड धुतात. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, आणि सांगण्यासारखा हा आजार आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

पायाचा अंगठा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आठही मुलांसोबत त्या खाटेपाशी गेलो. मी म्हणाले, आधी फक्त बघा.

हाताच्या बोटांचे पेर काळे पडलेले होते. कष्टाच्या हातांना काळवंडलेपण असतंच, म्हणून आमच्यापैकी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण हा काळेपणा ठरावीक जागी होता, सांध्यांवर आणि नखांच्या मुळाशी. जीभ लाल, गुळगुळीत, कडेला चिरलेली. वरचा खडबडीतपणा पार गेलेला. बाई म्हणाल्या, तिखट खाल्लं की आग होते, म्हणून वरण-भाकरीवर आल्या.

मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क मागितला. वॉर्डात नव्हता. सिस्टरांनी कपाट उघडून पाहिलं, ड्रॉवर पाहिला. आधीच्या एका तुकडीने कुठे नेला कोणास ठाऊक. शेवटी त्याच मुलीने अॅप्रनच्या खिशातून स्वतःचा काढला. घोट्याच्या हाडावर ठेवला, बाईंना काही जाणवेना. गुडघ्यावरही नाही. कमरेच्या हाडावर ठेवल्यावर म्हणाल्या, “हां, झिणझिण होते.”

सांध्याच्या स्थितीची जाणीव तपासताना मुलं हमखास एक चूक करतात. अंगठा वरून-खालून धरतात. मग बोटाच्या दाबावरूनच रुग्णाला दिशा कळते आणि तपासणी नॉर्मल येते. अंगठा बाजूंनी धरायचा, शेजारच्या बोटाला लागू द्यायचा नाही, आणि आधी डोळे उघडे ठेवून ‘याला वर म्हणायचं, याला खाली’ हे समजावायचं. मुलीने तसं केलं. मग बाईंनी डोळे मिटले. तिने अंगठा हळूच वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. सगळे गप्प. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, “केव्हा हलवणार पोरी? तू तं नुसती धरून बसली.”

खाटेभोवतीची आठही तोंडं एकदम बदलली. ती मी विसरणार नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भाग बी-१२ अभावी खराब होतो, हे त्यांतल्या प्रत्येकाने परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तो भाग खराब होणं म्हणजे आपला अंगठा कोणी हलवतो आहे हे न कळणं, हे त्यांना तेव्हा कळलं. बाईंना उभं करून पाय जुळवायला आणि डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा दोघींनी दोन्ही बाजूंनी त्यांना धरायची तयारी आधीच ठेवली होती. ते कोणी शिकवावं लागलं नाही.

रक्तातलं बी-१२ मोजता येण्याच्या खालच्या मर्यादेशी होतं. पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच कित्येक पटींनी वाढलेलं. बी-१२ नसलं की हाडांतल्या मज्जेत पेशी मोठ्या, कच्च्या तयार होतात आणि बाहेर पडण्याआधीच फुटतात. म्हणून कावीळ, म्हणून तिन्ही प्रकारच्या पेशी कमी. बारीक तापही याच आजारात येऊ शकतो. रक्त चढवणं थांबवलं, कारण असा अॅनिमिया अंगवळणी पडलेल्या रुग्णाच्या हृदयावर जादा द्रवाचा ताण येऊ शकतो, आणि बाई बसून बोलत होत्या. बी-१२ ची १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरू केली. पहिला आठवडा रोज, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. फॉलिक अॅसिड सोबत दिलं, पण आधी नाही. नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. पोटॅशियम रोज पाहिलं, कारण नव्या पेशी झपाट्याने बनू लागल्या की ते खाली येतं.

इंजेक्शनांच्या तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः जेवण मागितलं. सातव्या दिवशी रेटिक्युलोसाइट्स, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी, चढले. ते मोजायचं काम मी मुलांनाच दिलं होतं, स्लाइड त्यांनीच पाहिली. दहाव्या दिवशी प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर होत्या.

या केसमध्ये विभागाचं काम कोणतं होतं

निदान मुलीने केलं असं म्हणणं सोपं आहे. पण पहिल्या दिवशी तिनेही ‘मिक्स्ड डाएट’ हेच वाचलं होतं. फरक पडला तो तिला परत पाठवल्यामुळे, आणि ती परत आल्यावर ऐकायला कोणीतरी तिथे उभं असल्यामुळे. मेडिसिन विभागाचं शिकवणं म्हणजे हेच, असं मी आता ठामपणे मानते. विद्यार्थ्याच्या आणि रुग्णाच्या मध्ये केसपेपर येतो. तो बाजूला करायला लावणारा माणूस खाटेपाशी असावा लागतो.

१९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीतल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांतल्या ६६ जणांचं पुढे कायम राहिलेलं निदान नुसत्या हिस्ट्रीवरून झालं होतं. शारीरिक तपासणीने आणखी ७ जणांत आणि लॅबने ७ जणांत मत बदललं. मी हे आकडे मुलांना दरवर्षी सांगते. पण त्याहून मला ल्यूसी विल्स यांची गोष्ट सांगावीशी वाटते. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांत मोठ्या पेशींचा अॅनिमिया का होतो, हे त्यांना शोधायचं होतं. जंतू शोधून झाले, आणि त्याचबरोबर कोण काय खातं हेही त्यांनी तपासलं. आहार निकृष्ट असलेल्यांतच आजार जास्त होता. पुढे यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं, आणि त्या वाटेनेच पुढे फॉलिक अॅसिड सापडलं. आमच्या वॉर्डातला प्रश्न तोच होता. काल काय खाल्लं?

अभ्यासक्रम याच्या आड येत नाही. २०१९ च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने रुग्णाची जबाबदारी घेत शिकावं, रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्यासोबत राहावं, अशी अपेक्षा स्पष्ट आहे. संवादाचं आणि नीतीचं वेगळं प्रशिक्षण आहे, लॉगबुक आहे. इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांतले ६ आठवडे जनरल मेडिसिनला आहेत. कागदावर यात खोट नाही. वॉर्डात मात्र शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेशाच्या एमसीक्यूंत, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांत, अडकलेला असतो, इंटर्न सॅम्पल पोचवत असतो, रेसिडेंट ३६ तास जागा असतो, आणि शिक्षकाला ओपीडीतून उठता येत नाही. प्रत्येकाचं कारण खरं आहे. या सगळ्या खऱ्या कारणांच्या बेरजेतूनच त्या बाईंच्या केसपेपरावर ‘मिश्र’ लिहिलं गेलं.

एमसीक्यूबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मुलं मला दरवेळी हेच विचारतात. ‘४४ वर्षांची शाकाहारी स्त्री, जीभ गुळगुळीत, एमसीव्ही १२१’ असा प्रश्न आला तर आमच्या तुकडीतला प्रत्येक जण दहा सेकंदांत उत्तर देईल. पण त्या प्रश्नात ‘शाकाहारी’ हा शब्द कोणीतरी आधीच शोधून लिहिलेला असतो. वॉर्डात तो शोधण्यातच पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासाला परीक्षेत गुण नाहीत. हे मुलांना कळतं. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

नागपूरला ही गोष्ट जास्त लागते. १९४७ पासून इथे एमबीबीएसची मुलं घडत आली आहेत, आता मिहानमध्ये एम्सही आहे. इथून बाहेर पडलेला डॉक्टर गडचिरोलीच्या, गोंदियाच्या, यवतमाळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा बसणार असतो. तिथे बी-१२ मोजायची सोय नसेल, ट्यूनिंग फोर्कही नसेल. पण बाईंना ‘काल काय खाल्लं’ हे विचारता येईल, आणि बी-१२ चं इंजेक्शन महाग नाही.

आम्ही काय बदललं

फार काही नाही. केसपेपरावरचा ‘शाकाहारी / मांसाहारी / मिश्र’ हा रकाना आमच्या युनिटपुरता खोडला आणि तिथे एक रिकामी ओळ ठेवली: ‘काल दिवसभरात काय खाल्लं (रुग्णाच्या शब्दांत)’. माहिती कोणी दिली तेही लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर हिस्ट्री पुन्हा घ्यायची. ट्यूनिंग फोर्क घेतला आणि सिस्टरांच्या टेबलाला दोरीने बांधून ठेवला. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त परत जाऊन विचारण्यासाठी ठेवली. नवी केस नाही, लेक्चर नाही. सकाळी ऐकलेल्या केसमधली एक गोष्ट रुग्णाला पुन्हा विचारून यायची. इनटेक असला की ती बुडते. गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा बुडाली.

बाई तीन महिन्यांनी ओपीडीत आल्या. हिमोग्लोबिन ११.४, जिभेवर पुन्हा खरखर आलेली, बोटांचे पेर उजळत होते. महिन्याचं इंजेक्शन चालू आहे, गॅसची गोळी बंद. माळ त्यांनी सोडावी असं आम्ही म्हटलं नाही, त्यांना सोडायचीही नाही. डेअरीवर दूध देण्याआधी कपभर घरी ठेवून त्याचं दही लावायचं, एवढं त्यांनी आणि मुलाने मिळून ठरवलं होतं. तळपायाची बधिरता मात्र तशीच होती. वर्षभर खराब होत राहिलेल्या नसा कितपत परत येतील, हे मी त्यांना ठामपणे सांगू शकले नाही. आणखी तीन दिवस आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, याचं उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बहुधा ‘नाही’ असंच आहे, पण तो प्रश्न माझ्याकडे राहिला आहे. त्यांनी मागे पट्टा असलेली चप्पल घेतली होती. पाय पुढे करून त्यांनी ती मला दाखवली.

मागच्या बुधवारच्या राउंडला नव्या तुकडीतल्या एका इंटर्नचा केसपेपर हातात आला. ‘काल दिवसभरात काय खाल्लं’ या ओळीपुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘मिश्र आहार’. मी स्टूल ओढलं आणि त्याला खाटेशेजारी बसायला सांगितलं.